सोप्या गेमचा सुळसुळाट

माझ्यासमोर 'टाइमपास' हा शब्द काढायचा नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. परवा एका लग्नात बाहेरच्या माणसानं काढला. पंगतीत शेजारी बसलेला. बुंदी वाढून घेता घेता म्हणाला, "वडवणीत स्टँडजवळ टाइमपासचं दुकान टाकलेलं, ते तुम्हीच ना?"

माझा हात त्याच्या पत्रावळीकडे गेला. टाइमपासचं दुकान! अरे, व्हिडिओ गेम पार्लर होतं ते! पलीकडे बसलेल्या मिलिंदनं माझा हात घट्ट धरला, म्हणून त्या माणसाची पत्रावळ वाचली. मिलिंद म्हणजे त्या पार्लरमधला माझा पार्टनर. बीडच्या आयटीआयमधून रेडिओ-टीव्हीचा कोर्स केलेला, थंड डोक्याचा गडी. मशीन त्यानं सांभाळायची आणि भांडणं मी, अशी आमची वाटणी होती.

मला राग आला की त्या पार्लरचा एक किस्सा आठवतो, आणि राग तर रोजच येतो. त्यामुळे एवढी वर्षं झाली तरी साठा संपत नाही. एक सांगायला घेतला की मागचे दोन-चार 'आमचा नंबर कधी' म्हणून ढकलाढकली करायला लागतात. आता सुरुवात झालीच आहे, तर ऐका.

* * *

नव्वदच्या दशकातली गोष्ट. घरात केबल आली होती, चौकाचौकात एसटीडीचे पिवळे बूथ उघडले होते आणि जो तो काहीतरी नवीन टाकायच्या मागे होता. आमचं घराणं कापडाचं. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना वाटत होतं की मी गादीवर बसून कापड मोजायचा गज धरावा. मी मिलिंदला घेऊन औरंगाबादला गेलो आणि टेम्पोत घालून मशीन आणली.

मशीन म्हणजे कपाटाएवढी. तिला दांडा, सहा बटणं, आणि आत मारामारीचा गेम. एकामागून एक गडी अंगावर यायचे आणि प्रत्येकाची मारायची तऱ्हा वेगळी. ती ओळखायलाच महिनामहिना जायचा. सगळ्यांना लोळवून शेवटपर्यंत पोचलात, तर समोर लाल झगा घातलेला एक आडदांड मिशीवाला उभा राहायचा. त्याला आम्ही 'जमादार' म्हणायचो. जमादाराला वडवणीत कुणी हरवलेलं नव्हतं.

उद्घाटनाला अण्णा आले. कोपऱ्यात खुर्ची टाकून तासभर बघत बसले. एक जण आला, हरला, शिव्या देत गेला. दुसरा आला, हरला, मशीनला लाथ घालून गेला. अण्णांनी मला बाजूला घेतलं.

"वैज्या, लोकं हरायला पैशे देतेत?"

"देतेत."

"आरं, गिऱ्हाईक दुकानातून हसत गेलं पाहिजे. तुझं तर रडत चाललंय!"

"पण अण्णा, तेच परत आलंय की!" मी दाराकडे बोट दाखवलं. मशीनला लाथ घालून गेलेला गडी सुटे पैसे घेऊन पुन्हा रांगेत उभा होता!

* * *

आमच्या पार्लरचा बादशहा म्हणजे इकबालभाई. वडवणी ते बीड काळी-पिवळी जीप चालवायचे. आवाज मोठा, छाती त्याहून मोठी. जीप भरेपर्यंत एक डाव, हा त्यांचा नियम. किन्नर, म्हणजे त्यांचा क्लीनर, बाहेर "बीड, बीड, बीड" ओरडून सीट भरायचा, आणि इकबालभाई आत जमादाराशी झुंजायचे.

एकदा जीप भरली, तरी डाव संपेना. किन्नरनं हॉर्न वाजवला. मग पॅसेंजरनं वाजवला. शेवटी एक गुरुजी तणतणत आत आले, म्हणाले, "अहो, लाज वाटते का? माणसं उन्हात शिजतायत!"

"गुर्जी, दोनच मिन्टं. जमादार समोर हाय."

"कोण जमादार?" म्हणत गुरुजी पडद्याजवळ आले, आणि तिथेच राहिले. त्यांना बोलवायला दुसरा पॅसेंजर आला, त्याला बोलवायला तिसरा. थोड्या वेळानं अख्खी जीप माझ्या पार्लरमध्ये! गुरुजी ओरडत होते, "अहो, खाली बसा, खाली बसून मारा!"

मागच्या नंबरची जीप मोकळीच होती. तिचा ड्रायव्हर दारात येऊन म्हणाला, "चला, चला, बीड लगेच, बसल्याबरोबर निघणार!"

कुणी हललं नाही. डोक्यावर गाठोडं घेतलेली एक म्हातारी तेवढी मागे वळली. म्हणाली, "गप रं मुडद्या! ह्येला मारू दे आधी!"

आता सांगा, हा टाइमपास?

* * *

मग ती साथ आली. साथच म्हणतो मी तिला.

आठवडी बाजारात हातगाडीवर तळहाताएवढी प्लॅस्टिकची खेळणी आली. वरून विटा पडतात, त्या ओळीनं रचायच्या, ओळ भरली की गायब. संपलं! ना गडी, ना डावपेच, ना जमादार. खोक्यावर मात्र छापलेलं, एकात हजारो गेम! पोरंबाळं, बायाबापड्या, सगळे तुटून पडले. दर आठवड्याला माझ्या पार्लरमधली गर्दी कमी आणि त्या गाडीवरची जास्त.

माझं डोकं फिरलं. मी एक खेळणं आणून मिलिंदपुढे आदळलं. "बघ, काय हजारो गेम हायेत ह्यात!"

मिलिंद बिचारा दिवसभर बटणं दाबत बसला. संध्याकाळी चष्मा पुसत म्हणाला, "वैजू, ह्यात विटांचा हाय, गाडीचा हाय, आन् एक बेडकाचा. बाकी तेच परत येतेत. कधी वेग वाढवून, कधी भिंत अर्धी बांधून."

मी तसाच बाजारात गेलो. गाडीवाल्याची गचांडी धरायचीच बाकी ठेवली. "हजार गेम म्हणतोस, कुठं हायेत?"

गाडीवाला शांतपणे दुसऱ्या गिऱ्हाईकाला खेळणं बांधून देत होता. म्हणाला, "शेट, आजपतूर कुणी चौथ्याच्या पुढं गेलंच न्हाई. तुमीच पहिले!"

मला त्या गाडीवाल्याचा राग आला नाही. राग आला तो बनवणाऱ्याचा. लोक पुढे बघतच नाहीत, हे त्याला ठाऊक होतं आणि त्यानं त्यावरच धंदा उभा केला. एकदा हे चालतं म्हटल्यावर जमादार घडवायची मेहनत कोण कशाला करील?

* * *

पार्लरला सरकारी परवाना लागायचा. त्यासाठी एका कचेरीत खेटे घालत होतो. कोणती कचेरी ते विचारू नका. तिथे नुकताच कॉम्प्युटर आला होता. त्याच्यावर प्लॅस्टिकचं कव्हर, कव्हरवर हार, आणि खोलीत चप्पल काढून जायचं!

साहेब कव्हर वर सारून त्या कॉम्प्युटरमागे बसलेले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "व्हिडिओ गेम? अहो, तरुण पिढी बरबाद होतेय या गेममुळे. मेहनतीची सवय राहिली नाही कुणाला."

"साहेब, आमच्या गेमला लई मेहनत लागते."

"गेमला कसली मेहनत?" साहेबांचा हात त्या माऊसवर होता आणि टिकटिक चालू होती. मला वाटलं माझंच प्रकरण बघतायत. मान लांब करून बघितलं, तर पडद्यावर पत्ते! हिरव्या टेबलावर पत्त्यांच्या ओळी लावलेल्या. बाहेर बाकावर माणसं सकाळपासून ताटकळत बसलेली, आणि हा बाबा एकटाच पत्ते लावतोय!

तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडापर्यंत शिवी आली होती. तेवढ्यात साहेब वैतागून म्हणाले, "छ्या! ही लाल राणी अडकली."

"काळ्या राजावर टाका की!" मी ओरडलो. रागातच ओरडलो.

साहेबांनी टाकली. पत्ते भराभरा सुटले आणि पडद्यावर सगळे उड्या मारायला लागले. साहेबांनी पहिल्यांदा माझ्याकडे वर बघितलं, हसले, आणि सही करून कागद हातात दिला. "तुमच्यासारखी हुशार मुलं या धंद्यात कशाला पडतात, हेच मला समजत नाही," म्हणाले!

* * *

पण बाहेरच्यांचं काय घेऊन बसलात!

एक दिवस दुपारी अण्णांच्या दुकानात गेलो. एक बाई पलीकडे उभी, हातात ब्लाउजचा नमुना. अण्णा गादीवर मान खाली घालून बसलेले. बाईनं दोनदा हाक मारली, तरी मान वर नाही. मला वाटलं तब्येत बिघडली. धावत पुढे गेलो, तर धोतराच्या ओच्यात ते विटांचं खेळणं!

"अण्णा!"

"थांब. उभी कांडी येऊ दे."

"अण्णा, गिऱ्हाईक!"

"बाई, तुमीबी थांबा. उभी कांडी आली का चार वळी एकदम जातेत."

आणि ती बाई! तिनं रागवावं की नाही? ती वाकून म्हणाली, "आवो, डावीकडं सारा ना, तिथं भोक राहिलंय."

मी संध्याकाळी घरी तमाशा केला. "माझ्या मशीनला नावं ठेवत होता, आन् आता तुमीच? तेबी ह्या भिकार गेमपायी?" असं बरंच बोललो. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "वैज्या, दिवसभर घासाघीस करून डोकं शिणतं बाबा. तुझा जमादार मला आनखी मारतो. हितं कुणी मारत न्हाई. विटा येतेत, जातेत. तुझं काय बिघडतंय?"

मिलिंदचंही तेच म्हणणं होतं. "तुझ्या मशीनपुढं कधी बाईमाणूस उभं राह्यलंय का? लोकं घरी बसून खेळायलेत, खेळू दे की." मी काय अडवतोय कुणाला? खेळा की! पण त्या विटांपायी माझ्या मशीनवर धूळ बसत होती, ते कुणाला दिसत नव्हतं. माझा राग तसाच राहिला.

* * *

गुत्तेदाराचा किस्सा तर सांगितलाच पाहिजे. तोवर सालं बदलली होती, मोबाइल आले होते. हा रस्त्याची कामं घेणारा गुत्तेदार, गळ्यात साखळी आणि शर्टाच्या खिशात मोबाइल. वडवणीत तेव्हा रेंज नव्हती. मोबाइल फक्त साप खेळायला! ठिपका खाऊन साप लांब होतो, तो गेम.

एक दिवस दोन-तीन चेल्यांना घेऊन पार्लरमध्ये आला. "मी गेममधी लई पुढं गेलेला माणूस हाय," म्हणाला. "मोबाइलमधी माझा साप अख्ख्या स्क्रीनभर होतो."

मी दांडा त्याच्या हातात दिला. पहिल्याच गड्यानं त्याला उताणा पाडला. पुन्हा खेळला, पुन्हा उताणा. चेले छताकडे बघायला लागले. गुत्तेदार घामाघूम झाला, माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "ह्या गड्याला जरा ढिला करायचं काय घेतोस?"

"काय?"

"आरं, जादा देतो ना! वरचे पैशे घे आन् मला शेवटपतूर न्हेऊन सोड."

माझा संताप संताप झाला. हरला असता आणि शिव्या देऊन गेला असता, तर मी त्याला चहा पाजला असता! पण जिंकणं विकत? मग खेळायचं तरी कशाला?

मागे इकबालभाई आपल्या नंबरची वाट बघत उभे होते. त्यांनी गुत्तेदाराच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला अलगद बाजूला केलं.

"साहेब, सरका," म्हणाले. "हे टेंडर न्हाई!"

* * *

तरी दिवस फिरले ते फिरलेच. मशीनपुढे इकबालभाई आणि दोन-चार जुनी खोडं एवढीच उरली. ज्याच्याकडून मशीन आणली होती, तो औरंगाबादचा डीलर एक दिवस नवीन मशीन घेऊन हजर. टेम्पोतून उतरवून समोरच लावली. फुगे, फळं, गोड आवाज, आणि दर मिनिटाला टाळ्या.

"जुनी द्या, ही घ्या," म्हणाला. "आता लोकांना हरायला आवडत नाही, शेठ. कंपन्यांनीही अवघड गेम बनवणं कमी केलंय. डोकं लावायला लागलं की गिऱ्हाईक पळतं."

"मग हिच्यात जिंकायला काय करायला लागतं?" मी विचारलं.

"विशेष काही नाही. तीच तर गंमत!"

तेवढ्यात स्टँडवरचे चहावाले गंगाधरमामा चहा घेऊन आले. ठेवायला जागा दिसेना, म्हणून त्यांनी ट्रे नवीन मशीनच्या बटणांवर ठेवला. मशीन एकदम पेटली! फटाफट फळं फुटायला लागली, दिवे लागले, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि पडद्यावर मोठ्या अक्षरात नवा रेकॉर्ड!

मामा घाबरून दोन पावलं मागे सरले. "आवो, म्या काय केलं न्हाई!"

डीलर टाळ्या वाजवत होता. मामांना म्हणाला, "बघा! पहिल्या फटक्यात जिंकलात!"

मामा ट्रे उचलत म्हणाले, "म्या न्हाई, साहेब. ह्या कपबशानं!"

* * *

पण शेवटी जुनी मशीन दिली. मिलिंदला लहान बहिणीचं लग्न करायचं होतं आणि मशीन बदलली नसती, तर दुकान बंद पडलं असतं. मी दोन दिवस मशीन पुसत बसलो. मग 'न्या' म्हणालो.

टेम्पो आला तो दिवस बाजाराचा होता. हमाल दोर घेऊन आत शिरले आणि दारात इकबालभाई उभे. बाहेर जीप भरलेली.

"एक डाव," म्हणाले. "जमादाराला भेटून घेतो."

टेम्पोवाला कुरकुरला. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तो बाजूला सरकला.

मिलिंद म्हणाला, "थांबा, वायर ढिली झालीय," आणि मशीनच्या मागे गेला. मागचं झाकण काढलं की आत बोर्डावर बारीक खटके असतात. समोरच्या गड्यांचा जोर त्यांच्यावर ठरतो. पहिल्या दिवसापासून ते मी सगळ्यात अवघडवर ठेवायला लावले होते. मिलिंद खाली वाकला, आणि त्याचं बोट कशावर गेलं ते मला दिसलं. मी तोंड उघडणार, तोच त्यानं माझ्यापुढे हात जोडले. त्याचे डोळे भरले होते.

मशीन पुन्हा चालू झाली. इकबालभाईंनी बाह्या सारल्या. एकेक गडी पडत गेला. बाजारातली माणसं आत आली, जीपमधली आली, अण्णाही दुकान सोडून आले. शेवटी लाल झगा समोर उभा राहिला. इकबालभाईंनी त्याला पहिल्या फेरीत लोळवलं. दुसऱ्या फेरीतही लोळवलं. जमादार पडला!

एकच गलका झाला. हमाल दोर टाकून नाचायला लागले. गंगाधरमामा ओरडले, "सगळ्यांस्नी चहा!" अण्णा टाळ्या वाजवत होते. मिलिंद भिंतीला टेकून रडत होता.

इकबालभाई दांडा धरून तसेच उभे. ना हसले, ना वळले. पडद्याकडे बघत राहिले. हळूहळू आवाज कमी झाला.

"वैजू."

"काय, इकबालभाई?"

"ह्यो जमादार न्हाई."

मिलिंद भिंतीपासून सरळ झाला.

"इतकी सालं मार खाल्लाय त्याचा. मला त्याचा हात कळत न्हाई व्हय?" मग त्यांनी मिलिंदकडे बघितलं. आवाज चढवला नाही. "बोलव त्याला."

मिलिंद डोळे पुसत मशीनच्या मागे गेला. झाकण उघडल्याचा आवाज आला, लावल्याचा आला. पडदा पुन्हा लागला. इकबालभाई पहिल्यापासून खेळले. आता माणसं टाचा उंचावून बघत होती. लाल झगा पुन्हा समोर आला. पहिली फेरी इकबालभाईंनी घेतली. दुसरी जमादारानं घेतली. तिसरीत त्यानं त्यांना कोपऱ्यात रेटलं आणि असं हाणलं, असं हाणलं, की गुरुजींसारखं ओरडायलाही कुणाला वेळ मिळाला नाही.

इकबालभाईंनी दांडा सोडला आणि छाती भरून हसले. बाहेर रस्त्यावरच्या माणसांनी माना वळवून बघितलं.

"हां! ह्योच! आला बघ गडी!"

मशीनच्या पाठीवर त्यांनी दोन थापा मारल्या. मग हमालांकडे वळले आणि दोराचं एक टोक स्वतःच हातात घेतलं.

"उचला आता," म्हणाले. "सांभाळून धरा बे. आत जमादार हाय."